आवक क्रमांकाचे बळ

गुढीपाडव्याच्या सकाळी डोंबिवलीच्या रस्त्यांवर उतरणारा समाज पाहिला, की या शहराच्या संघटनशक्तीविषयी शंका घेण्याचे धाडस कोणी करणार नाही. गेल्या शतकाच्या अखेरीस श्रीगणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने येथे नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली आणि पाहता पाहता तिचे लोण ठाणे, गिरगाव असे करीत महाराष्ट्रभर पोहोचले. ढोलपथके ठरल्या वेळी ठरल्या ठिकाणी उभी असतात, चित्ररथांचा क्रम चुकत नाही, पाणीवाटपाचे काम कोणाकडे आहे हे कोणाला विचारावे लागत नाही. मात्र पाडवा उलटल्यावर त्याच परिसरातील एखाद्या गल्लीच्या तुंबलेल्या गटारासाठी प्रभाग क्षेत्र कार्यालयात जायचे ठरले, तर सोसायटीच्या सचिवाबरोबर दुसरा माणूस मिळत नाही. ‘तुम्ही जाऊन या, आमचा पाठिंबा आहेच,’ एवढे बोलून शेजारी आठ-पाचची जलद गाडी पकडायला निघून जातो.

यात त्या शेजाऱ्याचा दोष किती, हाही विचार करण्याजोगा आहे. डोंबिवली, कल्याण, ठाणे ही चाकरमान्यांची शहरे. महापालिकेच्या कार्यालयाचे दार उघडते तेव्हा तो मुंबईत पोहोचलेला असतो आणि तो परत येतो तेव्हा कार्यालयाला कुलूप लागलेले असते. त्यामुळे नागरी प्रश्नांची सारी धुरा निवृत्त ज्येष्ठ आणि गृहिणी यांच्या खांद्यावर येते. ते ती निष्ठेने वाहतातही. पण खरी अडचण वेळेची नाही, रीतीची आहे.

तुंबलेल्या गटाराची हकिगत बहुतेक ठिकाणी सारखीच असते. प्रथम सोसायटीच्या व्हॉट्सॲप समूहावर छायाचित्र पडते. त्यावर दिवसभर संताप व्यक्त होतो. मग कोणीतरी नगरसेवकाला दूरध्वनी करतो. नगरसेवक हा ‘दादा’ किंवा ‘भाऊ’ असतो, त्याचा स्वभाव परोपकारी असतो आणि त्याचा माणूस दुसऱ्या दिवशी दोन सफाई कामगार घेऊन येतो. गाळ उपसून गटाराच्या काठावर ठेवला जातो. समूहावर भाऊंचे जाहीर आभार मानले जातात. पुढच्या सरीला तो गाळ आपल्या जागी परत जातो. या साऱ्या व्यवहारात अर्ज नाही, नोंद नाही, दिनांक नाही. त्या गटाराचा उतारच चुकलेला आहे, ही गोष्ट महापालिकेच्या दप्तरी कधी येतच नाही. आणि जे दप्तरी नाही त्याला अंदाजपत्रकात जागा नाही. अंदाजपत्रकाची जुळवाजुळव हिवाळ्यात सुरू होते, फेब्रुवारी-मार्चमध्ये ते मांडले जाते. नागरिक मात्र तक्रार करतो जूनमध्ये, गुडघाभर पाण्यात उभा राहून. त्या वेळी महापालिकेच्या हाती गाळ उपसण्यापलीकडे फारसे काही उरलेले नसते.

महापौर, महापालिका, दिनांक, क्रमांक हे शब्द मराठीत रुळले ते स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतून. शब्द आले, रुजले, पाट्यांवर चढले. परंतु अर्जावर दिनांक घालून घेणे आणि आवक क्रमांक मिळाल्याखेरीज खिडकीवरून न हलणे, ही त्या शब्दांमागची नागरिकाची सवय अद्याप रुजायची आहे. दादांनी केलेले काम हा उपकार असतो. उपकाराचा पाठपुरावा करता येत नाही आणि तो झाला नाही म्हणून जाबही विचारता येत नाही. उलट मतदानाच्या दिवशी त्याची परतफेड मात्र करावी लागते. मालमत्ता कर भरणाऱ्या माणसाने आपल्याच शहरात आश्रित होऊन राहण्याची ही रीत आहे.

लेखी नोंदीचे बळ काय असते, हे कल्याणच्या आधारवाडीने दाखवून दिले आहे. कल्याण पश्चिमेला खाडीच्या बाजूला असलेल्या या कचराभूमीवर कित्येक दशके शहराचा कचरा जसाच्या तसा ओतला जात होता. उन्हाळ्यात त्या डोंगराला आगी लागत. धूर दिवसेंदिवस आसपासच्या वसाहतींत कोंडून राही. खिडक्या बंद करून बसलेली घरे, दम्याने कासावीस झालेली म्हातारी माणसे, तोंडाला रुमाल बांधून शाळेला निघालेली मुले हे त्या परिसराचे नेहमीचे दृश्य होते. घनकचऱ्यासंबंधीचे केंद्रीय नियम २००० साली आले होते. शास्त्रशुद्ध प्रक्रिया व विल्हेवाटीची व्यवस्था उभी करण्यासाठी त्यांनी ३१ डिसेंबर २००३ पर्यंतची मुदत दिली होती. मुदत गेली, डोंगर वाढत राहिला. दर निवडणुकीत कचराभूमी हटवण्याचे आश्वासन मिळत राहिले.

तिढा सुटू लागला तो एका कल्याणकर नागरिकाने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केल्यावर. न्यायालयात घोषणा चालत नाहीत, कागद चालतो. नियम कोणता, मुदत कोणती, महापालिकेने केले काय, हे तीन प्रश्न तेथे विचारले गेले आणि तिसऱ्याचे समाधानकारक उत्तर नव्हते. एप्रिल २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांना परवानगी देण्यास मनाई केली. कचऱ्याची व्यवस्था नसेल तर नवी माणसे वसवून आणखी कचरा निर्माण करण्याचा अधिकार शहराला नाही, असा त्याचा सरळ अर्थ होता. बांधकाम परवानग्यांतून येणारा महसूल थांबला आणि इतकी वर्षे केवळ रहिवाशांच्या नाकाला झोंबणारा प्रश्न प्रथमच तिजोरीला झोंबला. पुढच्या वर्षी अटींसह ही मनाई शिथिल झाली. मे २०२० मध्ये ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याची मोहीम महापालिकेने नेटाने हाती घेतली आणि मे २०२१ मध्ये आधारवाडीवर कचरा टाकणे बंद झाले.

हा सारा प्रवास नियमांतील मुदतीपासून मोजला तर सतरा वर्षांचा आहे. एवढ्या काळात एक मूल जन्मून बारावीला बसते. त्यामुळे आधारवाडीला विजयकथा म्हणावे की शरमेची कथा, याचा निर्णय ज्याने त्याने करावा. शिवाय कथा तेथे संपलीही नाही. प्रक्रिया प्रकल्प बारावे, उंबर्डे येथे न्यायचे ठरले तेव्हा बारावे परिसरातील रहिवाशांनी त्याला विरोध केला. त्यांची भीती समजण्यासारखी होती; आधारवाडी त्यांनी पाहिली होती. परंतु ज्या घरातून कचरा वेगळा होऊन बाहेर पडत नाही, त्या घराला ‘तो माझ्या दारी नको’ म्हणण्याचा नैतिक अधिकार कितपत राहतो? महापालिकेला जाब विचारणाऱ्या प्रत्येकाने एकदा स्वतःच्या सोसायटीच्या मागच्या बाजूचे दोन डबे पाहून यावे.

तक्रार नेमकी कोणाकडे करायची, हा दुसरा गुंता. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या निवासी विभागाइतका त्याचा अनुभव कोणाला नसेल. मालमत्ता कर महापालिकेकडे, भूखंड आणि वसाहतीचा कारभार औद्योगिक विकास महामंडळाकडे, वायू आणि सांडपाण्याचा विषय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, कारखान्याच्या आतली सुरक्षा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे. रात्री उग्र वास सुटला तर रहिवाशाने कोणते दार ठोठवावे? प्रत्येक दारावर शेजारच्या दाराचा पत्ता मिळतो. २६ मे २०१६ रोजी येथील प्रोबेस कंपनीत भीषण स्फोट झाला. बारा माणसे प्राणास मुकली, दोनशेहून अधिक जखमी झाले, दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये रासायनिक द्रव्यांमुळे याच वसाहतीतील रस्ता गुलाबी झाला आणि साऱ्या राज्यात त्याची चर्चा झाली. मे २०२४ मध्ये अमुदान कंपनीत पुन्हा स्फोट होऊन पुन्हा जीव गेले. प्रत्येक दुर्घटनेनंतर चौकशी झाली, कारखाने हलवण्याच्या घोषणा झाल्या. रहिवाशांच्या तक्रारी मात्र दुर्घटनांच्या आधीपासूनच्या होत्या.

हद्दीच्या वादावर एक साधा उपाय जुने कार्यकर्ते सांगतात. अर्ज एकच लिहावा, पण तो चारही कार्यालयांच्या नावे लिहावा आणि प्रत्येक प्रतीवर उरलेल्या तिघांचा उल्लेख करावा. मग ‘हे आमच्याकडे येत नाही’ असे तोंडी सांगून भागत नाही. लिहून द्यावे लागते. आणि लिहून दिलेल्या नकाराचे मोल तोंडी होकारापेक्षा पुष्कळ अधिक असते. कल्याण-शीळ रस्ता, घोडबंदर रस्ता येथेही हीच स्थिती आहे. रस्ता एकाचा, त्यावरचे मेट्रोचे काम दुसऱ्याचे, कडेचे गटार तिसऱ्याचे आणि खड्डा कोणाचाच नाही!

खड्ड्यावरून आठवण होते ती २०१८ च्या जुलैची. त्या एका महिन्यात कल्याण परिसरात खड्ड्यांनी पाच जणांचे बळी घेतले. ऑक्टोबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला सहा लाख रुपये भरपाई द्यावी आणि ती दोषी ठेकेदार व अधिकाऱ्यांकडून वसूल करावी, असा महत्त्वाचा निर्णय दिला. या निर्णयामुळे साध्या अर्जाचे मोल एकदम वाढले आहे. अमुक चौकात अमुक ठिकाणी खड्डा आहे, हे अमुक दिनांकास कळवले होते, असा शिक्क्याचा कागद कोणाकडे असेल तर ‘आम्हांला कल्पना नव्हती’ हा बचाव कोसळतो.

सत्तावीस गावांची कहाणी याहून करुण आहे. १९८३ साली कल्याण-डोंबिवली महापालिका स्थापन झाली तेव्हा ही गावे तिच्यात घातली गेली, २००२ मध्ये बाहेर काढली गेली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली आणि २०२० मध्ये त्यांतील अठरा गावे वेगळी काढण्याचा निर्णय होऊन तोही न्यायालयात अडकला. गावकऱ्यांच्या भावना दोन्ही बाजूंनी तीव्र आहेत आणि त्यांत शिरण्याचे हे स्थळ नव्हे. पण या ओढाताणीत चाळींची आणि इमारतींची गर्दी वाढली, नळाचे पाणी मात्र त्या गतीने पोहोचले नाही. मे २०२२ मध्ये संदप येथील खदाणीवर कपडे धुण्यासाठी गेलेल्या एकाच कुटुंबातील पाच जणांचा बुडून मृत्यू झाला. त्यांत लहान मुलेही होती. देशातील एका महानगर प्रदेशात, रेल्वे स्थानकापासून काही किलोमीटरवर, घरात पाणी नाही म्हणून माणसे खदाणीवर जातात आणि परत येत नाहीत. त्या परिसरातून पाण्यासाठी मोर्चे निघाले होते, हंडे वाजवले गेले होते. मध्यमवर्गीय वसाहतींना मात्र ही तक्रार आपली वाटली नाही. टँकर मागवण्याची ऐपत ज्यांना आहे त्यांच्यासाठी पाणीटंचाई हा खर्चाचा विषय असतो. ज्यांना नाही त्यांच्यासाठी ती जिवावर बेतणारी गोष्ट असते. तक्रारीतही वस्ती-वस्तीत भिंत असावी, हे समाज एकसंध हवा असे म्हणणाऱ्यांना शोभणारे नाही.

अनधिकृत बांधकामांच्या बाबतीत तर मध्यमवर्गाने स्वतःच्याही वर्तनाकडे पाहिले पाहिजे. उच्च न्यायालयात नागरिकांनीच नेलेल्या प्रकरणातून नेमल्या गेलेल्या अग्यार समितीने कल्याण-डोंबिवलीत १९८३ ते २००७ या काळातील ६७,९२० अनधिकृत बांधकामांची नोंद केली. एप्रिल २०१३ मध्ये ठाणे महापालिका हद्दीत शीळफाटा येथे बांधकाम सुरू असलेली अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ जणांचा अंत झाला. तरीही पुढे डोंबिवली परिसरात बनावट कागदपत्रांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवून ६५ इमारती उभ्या राहिल्याच, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाला त्या पाडण्याचा आदेश द्यावा लागला. तेथे घरे घेतलेली कुटुंबे फसवली गेली आहेत, त्यांच्याविषयी सहानुभूतीच हवी. पण एक प्रश्न उरतो. इमारत एका रात्रीत उभी राहत नाही. पाया खणला जात असताना, मजल्यावर मजला चढत असताना समोरच्या गॅलरीतून चहा पिताना ती कितीतरी जण पाहत असतात. त्यांतील किती जणांनी परवानगीचा फलक कोठे आहे, असे लेखी विचारले? माहितीचा अधिकार महाराष्ट्रात केंद्रीय कायद्याच्याही आधी, २००२ च्या कायद्याने आला. २००५ पासून तो देशभर आहे. दहा रुपयांच्या शुल्कात तीस दिवसांत मिळणारे उत्तर मागायला ६५ इमारतींच्या शेजाऱ्यांपैकी बहुतेकांना सवड झाली नाही.

सवडीबरोबर भीतीही असते. तक्रारदाराचे नाव फुटते आणि संध्याकाळी दारात चार अनोळखी माणसे उभी राहतात, हा अनुभव या पट्ट्यात नवा नाही. ठाण्यातील एका डॉक्टरांनी ध्वनिप्रदूषण आणि रस्त्यांवरील मंडपांचा प्रश्न उच्च न्यायालयात नेला तेव्हा तक्रारदाराची ओळख गुप्त ठेवण्याचा मुद्दा तेथेही आला. त्या प्रकरणातील २०१६ च्या निकालावर उत्सवप्रेमी मंडळींत नाराजी उमटली. ती प्रामाणिक असेलही. परंतु उत्सव समाजाचा असेल, तर ज्या आजारी वृद्धाला त्या आवाजाने झोप लागत नाही तोही त्याच समाजाचा घटक आहे, आणि रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्या मंडपात बसलेला बाप्पा त्या मंडळावर प्रसन्न होईल असे मानण्याचे कारण नाही. परवानगीचा कागद दर्शनी लावणारी, रस्त्याचा ठरलेला भाग मोकळा सोडणारी मंडळे ठाण्यात आणि कल्याणात आहेत. त्यांनी महापालिकेकडे खड्ड्याची तक्रार केली तर तिला वेगळेच वजन येते. स्वतः खांबासाठी रस्ता खणून तो तसाच सोडणाऱ्यांच्या तक्रारीला ते कोठून यावे?

आता सभागृहांविषयी. कल्याण-डोंबिवली महापालिकेची स्थापना १ ऑक्टोबर १९८३ ची, पहिली निवडणूक १९९५ ची. मधली बारा वर्षे प्रशासकाची. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपली आणि निवडणूक होईपर्यंत आणखी पाच वर्षे प्रशासकाचीच. म्हणजे बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात जवळपास सतरा वर्षे हे शहर नगरसेवकांवाचून चालले. ठाण्यानेही मार्च २०२२ पासून पावणेचार वर्षे तोच अनुभव घेतला. नगरसेवकांविषयी नाक मुरडण्याची सुशिक्षितांची सवय जुनी आहे. पण या काळात अधिकाऱ्यापर्यंत पोहोचायला मधली पायरीच नसल्याने तो किती दूर जातो, हे पुष्कळांच्या ध्यानात आले असेल. जानेवारी २०२६ मध्ये अखेर मतदान झाले आणि लोकप्रतिनिधी परत आले.

ते आले ते बहुसदस्यीय पद्धतीने. एका प्रभागात बहुधा चार नगरसेवक. गटाराच्या प्रश्नावर चौघांपैकी जबाबदार कोण? ज्याच्या पक्षाला श्रेय हवे तो, की ज्याचे घर जवळ आहे तो? असा बारभाई कारभार नागरिकाच्या सोयीचा नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे; मग तो कोणत्याही पक्षाच्या सरकारने आणलेला असो. या पद्धतीत तोंडी तक्रार चौघांत विरून जाण्याची शक्यता चौपट. लेखी अर्ज मात्र चौघांच्या नावे करता येतो आणि चौघांपैकी उत्तर कोणी दिले, याची नोंद पुढच्या निवडणुकीपर्यंत जपता येते.

१९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने मोठ्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या. महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यात या समित्यांच्या कामांत पाणीपुरवठा, मलनिःसारण, स्वच्छता, पावसाळी पाण्याचा निचरा यांविषयीच्या नागरिकांच्या सामायिक तक्रारींचे त्वरित निवारण हे काम शब्दशः नमूद आहे. त्याच कायद्यात प्रत्येक समितीवर नगरसेवकांखेरीज परिसरातील मान्यताप्राप्त सामाजिक संस्थांचे तीनपर्यंत सदस्य घेण्याची तरतूद आहे. नौपाड्यापासून दिव्यापर्यंत आणि टिटवाळ्यापासून डोंबिवलीपर्यंत या खुर्च्यांवर कोण बसले, कोणाची सोय लावली गेली, की त्या रिकाम्याच राहिल्या, हे किती नागरिकांनी कधी विचारले आहे? वाचनालये, ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळे, सेवा वस्त्यांत काम करणाऱ्या संस्था यांची या पट्ट्यात वाण नाही. त्यांनी आपली नावे पुढे करावीत आणि डावलले गेल्यास कारण लेखी मागावे. मतदान केंद्रांच्या परिसरापुरती क्षेत्रसभा भरवण्याची तरतूदही २००९ मध्ये कायद्यात आली. ग्रामसभेचे हे नागरी रूप अद्याप कागदावरून गल्लीत उतरलेले नाही. नव्या नगरसेवकांना पहिल्या वर्षीच हा प्रश्न विचारला गेला, तर तो त्यांना टाळता येणार नाही.

तोवर जे हाताशी आहे ते वापरावे. महापालिकेचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी आयुक्तांच्या पुढे भरतो. त्यासाठी अर्ज पंधरा दिवस आधी, दोन प्रतींत द्यावा लागतो. न्यायप्रविष्ट प्रकरणे तेथे घेतली जात नाहीत. एका अर्जात एकच विषय असावा, जागेची खूण नेमकी असावी, प्रभाग कार्यालयाला आधी दिलेल्या अर्जाची पोच सोबत जोडलेली असावी आणि खाली एकट्या सचिवाची नव्हे, तर गल्लीतील सगळ्या सोसायट्यांची सही असावी. चाळीतल्यांची आणि समोरच्या दुकानदारांचीही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, दिनांक आणि आवक क्रमांक घेऊन ती सोसायटीच्या फाइलीत लावावी. आणि नवा सचिव पदभार घेईल तेव्हा गच्चीच्या आणि पंपाच्या किल्ल्यांबरोबर ती फाइलही त्याच्या हाती द्यावी.